कुसळ काढणारा

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने प्रश्न विचारून इतका वेळ लोटला होता, की आता तो प्रश्न न राहता खोलीतली एक वस्तू झाला होता. टेबलासारखी, पाण्याच्या पिंपासारखी, जिला सगळे वळसा घालून जात होते. दाराबाहेर कापणीच्या लांब टेबलावर अर्धवट आखलेली काच नऊ दिवस तशीच पडून होती. फरशी तीनदा धुतली होती. तरी फरश्यांच्या सांध्यांत तपकिरी रेघा उरल्या होत्या.

"मी काय विचारतोय?" अधिकारी म्हणाला. "मांडीत काच घुसली, बरोबर? आणि हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलंय, माणूस आणला तेव्हा जखमेत काच नव्हती. मग कोणी काढली ती?"

मालक खाकरला. "पडताना निसटली असेल, साहेब. काचच ती. तिचा काय भरवसा?"

अधिकाऱ्याने चिमटाकाकांकडे पाहिले. "तुम्ही सगळ्यात जवळ होतात ना?"

काकांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांनाही सांगता आले नसते. कडा घासणारी बाई भिंतीला टेकून नखांतली पांढरी भुकटी कोरत होती. तिने वर पाहिले नाही.

'निसटली,' असे अधिकाऱ्याने लिहिले आणि कागद उलटला.

काचेच्या कारखान्यात काच दिसत नाही. दिसते ती तिची कड, खोल पाण्यासारखी हिरवी. उरलेले सारे हाताने ओळखावे लागते. काकांचा हात एकतीस वर्षे हेच ओळखत आला होता. आणि काचेचे काम म्हटले की कुसळ आलेच. बोटात, तळव्यात, कधी पापणीच्या कडेला. कोणाला कुसळ गेले की तो डॉक्टरकडे जात नसे, काकांकडे जाई. सदऱ्याच्या खिशातून चिमटा निघे. "हात दे. तिकडं बघ. बायकोचं नाव घे." ते नाव ओठांवर येईपर्यंत कुसळ बाहेर.

"माझं लग्न व्हायचंय, काका," एखादा म्हणे.

"मग माझ्या बायकोचं घे. तिच्या धाकानं आपोआप बाहेर येतंय."

जे आत गेले ते बाहेर काढायचे. यात विचार करण्यासारखे कधी काही नव्हते. पाय घसरला की हात भिंत धरतो, तितकाच तो विचार.

बावीस वर्षे त्यांचा जोडीदार एकच होता. मोठी काच दोघांनी उचलायची असते, आणि ती उचलून चालताना एकाचा पाय अडखळला, तर दुसऱ्याच्या मनगटाला आधी कळते. जोडीदार वीतभर उंच. त्यामुळे काच नेहमी तिरकी चाले.

"वर घे की, बुटक्या."

"तूच वाक, ताडा. देवानं तुला गुडघे दिलेत ना?"

अपघाताच्या अडीच आठवडे आधी कारखान्यात एक परिचारिका आली होती. भिंतीवर नवी पांढरी पेटी लागली: पट्ट्यांच्या गुंडाळ्या, जखमेवर दाबायच्या कापसाच्या जाड गाद्या, कात्री, हातमोजे. पेटीला कुलूप नको, असे तिने मालकाला बजावले होते. मग तिने एका उशीत पुठ्ठ्याचा टोकदार तुकडा खोचला.

"ही मोठी काच. आत घुसलीय. आता काय कराल?"

"काढणार," सगळे एका सुरात म्हणाले.

"नाही काढायची. तीच आतलं रक्त अडवून धरते. बाटलीला बूच असतं ना, तसं. दोन्ही बाजूंना जाड गाद्या लावायच्या, काच हलणार नाही अशी पट्टी बांधायची, माणसाला आडवं करायचं, आणि गाडी बोलवायची. काढणार फक्त डॉक्टर."

"बाई," काका उठून म्हणाले, "आम्ही काच अंगात ठेवून घरी गेलो, तर बायको उंबऱ्याबाहेर उभं करील."

केवढा हशा पिकला. सर्वांत मोठ्याने जोडीदार हसला होता. परिचारिकाही हसली, आणि हसू विरल्यावर तिने तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितले. कडा घासणारी पुढे बसली होती. तिने उशीला स्वतः पट्टी बांधून पाहिली, सोडली, पुन्हा बांधली. काका तेव्हा मागच्या बाकावर कोणाचे तरी कुसळ काढत होते.

मग ती सकाळ. दुकानाच्या दर्शनी भागाची काच होती, पुरुषभर उंचीची. तिच्यात कुठेतरी एक चीर दडून बसली असावी. वाटेतच काच बारीकशी कण्हली आणि मनगटातले ओझे एकाएकी नाहीसे झाले. आवाज त्यानंतर आला. काका उभेच होते. जोडीदार खाली बसला होता, दमून बसावे तसा, आणि त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला हातभर लांबीचा तुकडा उभा होता.

रक्त फारसे नव्हते. कडेने ओघळणारी एक रेघ, बस्स.

"काढ रे ते," जोडीदार म्हणाला.

"काका, काढू नका! काका!" कडा घासणारी पेटीकडे धावता धावता ओरडली.

हाक आधी आली. हात नंतर गेला. मध्ये एक श्वास मावेल एवढी जागा होती, आणि त्या जागेत काकांच्या मनात एकच गोष्ट चमकून गेली: ही मला शिकवते.

त्यांनी काच काढली. सफाईने काढली. मांडीत कणही राहू दिला नाही.

नंतर कडा घासणाऱ्या बाईने, शिकवले होते ते सारे केले. गाद्या दाबल्या, गाद्यांवर गाद्या, दोन्ही हातांवर सगळे वजन टाकून ती ओणवी राहिली. पेटी पाहता पाहता रिकामी झाली. गाडी वेळेत आली, असे सगळे म्हणाले. पण वेळ आधीच संपली होती.

आज अधिकारी गेल्यावर काका नळावर हात धूत असताना ती शेजारी येऊन उभी राहिली.

"मी बोलले नाही, काका."

"बघितलं मी. उपकार झाले."

"उपकार नकोत. तुमच्यासाठी नाही गप्प बसले. त्या साहेबाला सांगून काय व्हायचंय? तो कागद फायलीत घालणार." तिने नळ बंद केला. "ज्यांना सांगायला हवं त्या वहिनी परवापासून पुन्हा धुलाईच्या कामावर जायला लागल्यात. तुम्हाला माहीतच असेल."

घरी बायकोने ताट वाढले आणि त्यांच्यासमोर बसली. तिला सगळे ठाऊक होते. नऊ रात्री तिने हे पुन्हा पुन्हा ऐकले होते.

"अहो, तोच म्हणाला ना, काढ म्हणून?"

"हो."

"मग झालं तर. त्याच्या तोंडचं तुम्ही केलंत. कोणी विचारलंच तर एवढंच सांगा. खोटं थोडंच आहे?"

खोटे नव्हते. रात्रभर काका त्या वाक्याशेजारी जागे राहिले. उबदार, भरवशाचे वाक्य होते. त्यावर डोके टेकून उरलेले आयुष्य काढता आले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते धुलाईच्या कारखान्यात गेले. वाफेने खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. हॉटेलांच्या चादरींचे ढीग छातीपर्यंत आले होते आणि त्यांच्या पलीकडे जोडीदाराची बायको उभी होती. दोन्ही बाह्या कोपरांपर्यंत वर सारलेल्या, चेहरा वाफेने की कशाने ओला. तिची सोबतीण जेवायला गेली होती.

"भावजी? तुम्ही इकडं?" ती म्हणाली. "घरी यायचं ना. इथं चहासुद्धा नाही विचारता येत."

"चहाला नाही आलो, वहिनी."

तिने एक चादर उपसली, आणि विचारबिचार न करता तिची दोन टोके त्यांच्या हातात दिली. एकटीने ती घडी होत नाही. काका चार पावले मागे गेले. चादर दोघांमध्ये ताणली गेली.

"मालक येऊन गेले काल," ती म्हणाली. "म्हणाले, पडताना काच निसटली. कोणाचा दोष नाही म्हणाले."

"निसटली नाही. मी काढली."

चादर किंचित सैल झाली, पुन्हा ताठ झाली. ती पुढे आली, तिने त्यांच्या हातातली टोके घेतली आणि खालची घडी उचलायला वाकली.

"काढायची नव्हती," काका म्हणाले. "आम्हाला शिकवलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आणि त्या वेळी आमच्याकडची ती बाई ओरडली, काढू नका म्हणून. मी ऐकलं, वहिनी. ऐकू आलं नाही असं नाही. ऐकलं आणि काढली."

तिने दुसरी चादर घेतली, पुन्हा दोन टोके त्यांना दिली. ते पुन्हा मागे गेले. यंत्रांच्या घरघरीत त्यांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. ते वाक्य जिभेवर आले होते. तोच म्हणाला होता, काढ. ओठ उघडले की झाले असते. त्यांनी ते बाहेर येऊ दिले नाही.

"त्यांना कळलं होतं का?" तिने विचारले.

"काय?"

"की हे चुकलं. की आता..." तिने चादरीचा काठ सरळ केला. "कळलं होतं का त्यांना?"

काकांनी खाली पाहिले. पांढऱ्या कापडावर त्यांची बोटे काळी दिसत होती.

"हो."

"काही म्हणाले?"

"'अरे' म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

"रागानं?"

"नाही, वहिनी. घरातून निघाल्यावर रस्त्यात आठवावं ना, काहीतरी मागं राहिलं, तसं म्हणाला. माझ्याकडं बघून."

चादर दोघांमध्ये ताणलेली होती. ती पुढे आली. टोकाला टोक जुळले, क्षणभर तिची ओली बोटे त्यांच्या बोटांना लागली, आणि तिने कापड काढून घेतले. घडी घातली. तळहाताने ती दाबून सपाट केली. एकदा, पुन्हा एकदा, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

"वहिनी, काहीतरी बोला," काका म्हणाले. "शिव्या द्या. तोंड बघायचं नाही म्हणा. तुम्ही म्हणाल तसं करतो. कुठं जाऊन सांगायचं असेल तर सांगतो, लिहून देतो. पण बोला काहीतरी. मी काय करू?"

तिने घड्यांचा ढीग दोन्ही हातांत उचलला. तो हनुवटीपर्यंत आला. वाट दिसावी म्हणून तिने मान थोडी कलती केली, आणि यंत्रांच्या दोन रांगांमधून ती पलीकडच्या दाराकडे चालत गेली.