खोट्या वजनाचा सूड

मित्रांनो, पारोळ्याच्या एका धान्याच्या अडतीत, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला जो गंजका वजनकाटा तुम्हाला दिसतो, तो मी. माझ्या पाट्यावर आता कोंबड्या बसतात. पण एकेकाळी माझा शब्द पारोळ्यात शेवटचा मानला जाई, आणि एकेकाळी मी सुडाने इतका पेटलो होतो की माझं लोखंड उन्हाशिवायच तापतं की काय असं मला वाटे.

माझा जन्म जळगावच्या एका कारखान्यात झाला. भट्टीतून निघालो, दांडी बसली, पाटा बसला आणि वजनमापं खात्याच्या माणसाने शिक्का मारला. माझी रचना साधी आहे. पाट्यावर पोतं ठेवायचं, दांडीला टांगलेल्या थाळीत वजनं टाकायची. थाळीतलं दहा ग्रॅम पाट्यावरच्या एका किलोला तोलून धरतं. म्हणून माझ्या थाळीशी कुणी चिमूटभर लबाडी केली, तरी पाट्यावर किलोभर खोटं उभं राहतं. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं समजेल.

अडतीत दादर ज्वारीची आणि भुईमुगाची पोती तोलत माझे दिवस चालले होते. अडतीमागे मोकळं मैदान होतं आणि तिथे कबड्डी चाले. दरवर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या एका कंपनीचे साहेब जीप घेऊन खानदेशात येत. शिरपूर, धुळे, पारोळा असं फिरून कॉलेजातली पोरं खेळताना बघत आणि दोघांना कंपनीच्या संघात घेत. संघासोबत कायमची नोकरी मिळे. नियम एकच होता. खेळाडू ऐंशी किलोच्या आत हवा. पारोळ्यातला वजनाचा कार्यक्रम माझ्यावरच होई.

साहेब यायच्या आधीचे पंधरा दिवस अडतीत संध्याकाळी नुसता गलका असे. पोत्यांवर बसून लोक भांडत. या वर्षी कोणाला नेतील? शिरपूरचा तो उंच पोऱ्या की धुळ्याचा डावा कोपरा? शेजारच्या हॉटेलचे भटू आबा, जे तरुणपणी स्वतः खेळले होते, मांडीवर थाप मारून सांगत, "पकड देखा, पकड! चढाई तं कोनीबी करस!" अडतीचा मुनीम भाईदास त्यांच्यावर आवाज चढवी. आणि झाडू मारता मारता थांबून ऐकत राही ती कुंदा.

कुंदा बौद्धवाड्यातली. अडतीत झाडलोट करी, पोती शिवी. तिचा धाकटा भाऊ हिलाल त्यांच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला. हिलालची चढाई बघायला बाया विहिरीवरची भांडी तशीच टाकून येत. १९८४ साली भटू आबा छातीठोकपणे म्हणाले, "हिलाल जास आनि चार जनंसले हात लाईसन येस. औंदा तोच जाई." भाईदासचा चेहरा उतरला. कारण त्याचा भाचा धनसिंग त्याच वर्षी यादीत होता.

निवडीच्या दिवशी सकाळी कुंदाने हिलालला माझ्यावर उभं केलं. एकोणऐंशी किलो. मी स्वतः सांगितलं, मला आठवतं. नंतर साहेब आले. धनसिंग चढला, अठ्ठ्याहत्तर भरला. मग साहेबांना चहा हवा झाला, सगळे हॉटेलाकडे वळले, आणि रिकाम्या अडतीत भाईदास माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला. माझा पाटा उचलून त्याने खाली दोन किलोचं लोखंड चिखलाने चिकटवलं.

मित्रांनो, माझ्या पोटाखाली खोटं होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. हिलाल चढला. दांडी वर गेली. एक्याऐंशी.

"साहेब, सकायले मी सोता वजन करं!" कुंदा पुढे धावली. "एकोणऐंशी भरनं व्हतं! परत करा, साहेब!"

"बहीण आहे साहेब, ती असंच म्हणणार," भाईदास हसून म्हणाला. "तुम्हाला जळगाव गाठायचंय. उशीर होतोय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि हिलालच्या नावावर काट मारली. धनसिंगचं तेवढं राहिलं. पोत्यांवर बसलेलं कुणीतरी म्हणालं, "म्हैस व्हई गया!" आणि लोक हसले. कालपर्यंत त्याच्यासाठी भांडणारेच हसले. हिलाल माझ्यावरून खाली उतरला आणि त्याने पुन्हा त्या मैदानात पाय ठेवला नाही. आठ दिवसांनी तो सुरतेला गेला आणि यंत्रमागावर लागला.

दुसऱ्या दिवशी पाट्याखाली झाडताना कुंदाला वाळलेला चिखल आणि लोखंडाचा ओरखडा सापडला. तिने बोटाने तो ओरखडा चाचपला. कुणाजवळही बोलली नाही. पुरावा कसला? पण त्या दिवसापासून ती आणि मी एका जिवाचे झालो.

सूड घ्यायला तिने आठ वर्षे घेतली. आधी ती म्हाताऱ्या मापाऱ्याच्या हाताखाली वजनं शिकली, आणि तो गेल्यावर काट्यावरची बाई झाली. मग तिने भाईदासला हळूहळू सोलायला सुरुवात केली. संध्याकाळच्या वादात तो ज्या पोराची बाजू घेई, त्याच पोराची खोट ती काढी. "मुनीमजी, तुमना पोऱ्याना डावा पाय उचलास नही. तिसऱ्या चढाईले धरतीन." आणि तिसऱ्या चढाईला त्याला धरत. कोण किती भरेल तेही ती नुसतं बघून सांगे, आणि माझी दांडी तिला दुजोरा देई. आठ वर्षांत तिचा अंदाज हुकला नाही. लोक आता वाद मिटवायला विचारू लागले, "कुंदाक्का काय म्हनस?" भाईदास तेव्हा पोत्याच्या शिवणीकडे बघत बसे. ते बघून मला जे सुख होई ते सांगायला मला लाज वाटत नाही.

१९९२ साली भाईदासचा स्वतःचा मुलगा मगन यादीत आला. मगन खेळला की मैदान गप्प होई. कुंदा तीन संध्याकाळी त्याचा खेळ बघून आली आणि माझ्या दांडीला टेकून उभी राहिली. मगनमध्ये खोट नव्हती. तो हिलालसारखा खेळत होता, अगदी परत येताना मान वळवून बघण्यापर्यंत. त्यामुळे तिचा जळफळाट आणखी वाढला.

त्या संध्याकाळी वाद तापला. भटू आबांनी विचारलं, "कुंदाक्का, मगननं काय?"

कुंदा शांतपणे म्हणाली, "खेय चांगला शे. पन पोऱ्या अंगानी भरना. ऐंशीना वर जाई."

हे खोटं होतं. आठ वर्षांत तिने वादात उच्चारलेलं पहिलं खोटं. तिने मगनला नजरेनेही तोललं नव्हतं. पण तिला भाईदास पुरता माहीत होता. त्याने घाबरून मगनला दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं. तिथे साडेएकोणऐंशी आलं, हे मला मागाहून कळलं. पण ज्याने स्वतः काटा फसवला आहे, त्याचा कुठल्याच काट्यावर भरवसा उरत नाही. निवडीच्या आदल्या संध्याकाळी तो अडतीत आला आणि माझ्या थाळीच्या तळाला पंधरा ग्रॅम शिसं मेणाने चिकटवून गेला. म्हणजे पोरगा दीड किलोने हलका दिसावा. कुंदा पोत्यांच्या थप्पीमागे उभी राहून सगळं बघत होती. ती हसत होती.

सकाळी साहेब आले. आठ वर्षांपूर्वीचेच साहेब, केस पांढरे झालेले. मगनने एक पाय माझ्यावर ठेवला.

"थांब," कुंदा म्हणाली. "साहेब, आधी काटा तपासते." तिने शिक्क्याचं वीस किलोचं वजन उचलून पाट्यावर ठेवलं. मी साडेअठरा दाखवले. पोत्यांवरचे लोक उठून पुढे सरकले. कुंदाने थाळी उलटी केली, नखाने शिशाचा गोळा खरवडून काढला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"हा मुनीमजींच्या हातचा आहे. कालच लावला. आणि आठ वर्षांपूर्वी याच हाताने माझ्या भावासाठी पाट्याखाली लोखंड लावलं होतं."

भाईदासला नाही म्हणता आलं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "बापाचं मन आहे साहेब..." आणि संपलं. लोकांनी ऐकलं. त्याच लोकांनी आता त्याला शिव्या घातल्या. साहेब जीपकडे वळले. "हा मुलगा नको," एवढंच म्हणाले. मगन तसाच उभा होता. त्याने कुंदाकडे बघून विचारलं, "अक्का, मन्ही काय चूक व्हती?"

कुंदाने थाळी पुन्हा दांडीला अडकवली. मला त्या क्षणी नाचता आलं असतं तर मी नाचलो असतो.

दुपारी ती समोरच्या एसटीडी बूथवर गेली आणि सुरतेला हिलालच्या कारखान्याशेजारच्या दुकानात फोन लावला. परत आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. भटू आबा माझ्याजवळच बसले होते.

"खूश व्हयना का हिलाल?" त्यांनी विचारलं.

"नही," कुंदा म्हणाली. "त्यानं एकच इचारं. त्या पोऱ्यानं खरं वजन कितलं भरनं?"

"मंग?"

"आबा, मी ते करंच नही."

ती माझ्या पाट्यावरच खाली बसली. मग उठली, माझी थाळी फडक्याने पुसली, वीस किलोचं वजन ठेवून मला दोनदा तपासलं आणि मगनला बोलावणं धाडलं. तो आला, डोळे सुजलेले. आबांच्या आणि चार माणसांच्या साक्षीने तो माझ्यावर चढला. माझी दांडी थरथरून स्थिर झाली. साडेएकोणऐंशी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने कुंदा मगनला घेऊन जळगावला, साहेबांच्या मुक्कामावर गेली. बरोबर भटू आबा होते. पुढचं त्यांनीच पोत्यावर बसून तीनदा सांगितलं, म्हणून मला माहीत. साहेब ऐकायला तयार नव्हते. कुंदा दारातून हलली नाही. "काटा याच्या बापाने बिघडवला, साहेब, याने नाही. आठ वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, परत वजन करा. तुम्ही घड्याळ बघितलंत."

साहेबांनी तिला ओळखलं. "तुमचा भाऊ आता काय करतो?"

"सुरतेत माग चालवतो."

साहेबांनी यादी पुन्हा उघडली. मग त्यांनी काटा मागवला. मगन तिथेही साडेएकोणऐंशीच भरला, आणि यादीत दुसरं नाव त्याचं लागलं.

मगन मुंबईला गेला त्या दिवशी भाईदास अडतीत आला. कुंदासमोर त्याने हात जोडले. कुंदाने भुईमुगाचं पोतं माझ्यावर ठेवलं, वजन वाचलं आणि मग बोलली.

"मुनीमजी, मी तुमले माफ करेल नही. ध्यानमां ठेवा. तुमना पोऱ्यानं वजन मी खरं करं, कारन मी तुमनासारखी नही. आते जठे मी दिसू, तठे तुमले मान खाले घालनी पडी."

आणि तसंच झालं. भाईदास जगला तोवर रोज अडतीत येताना माझ्या बाजूने मान खाली घालून जाई. मगन सुट्टीत आला की आधी कुंदाक्काच्या पाया पडे, आणि बाप दुरून बघे. शिव्याशाप, पोलीस, बदनामी, यांतल्या कशानेही त्याला इतकं भाजलं नसतं.

पुढे अडतीत विजेवर चालणारा काटा आला. मला भिंतीशी लोटलं. माझी वजनं कुणी खिडकीला टेकण म्हणून नेली, माझ्या दांडीवर आता पोरं लोंबकळतात. मित्रांनो, लोंबकळू नका. तेलाचा एक थेंब घातलात तर मी अजूनही खरं सांगू शकतो. आणि संध्याकाळी पोत्यांवर बसून तुम्ही कुणा पोराचं भवितव्य ठरवाल, हा जाईल, तो नाही जाणार, तेव्हा एवढं करा. हसण्याआधी त्याला एकदा नीट तोलून बघा. हिलालला कुणी परत तोललं नाही. तो अजून सुरतेत आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.