उशाशी टांगलेलं घड्याळ

उत्तर ध्रुवाजवळच्या सायदाच्या उपसागराकाठी, काँक्रीटच्या ओट्यावर, मोडीत काढलेल्या पाणबुड्यांच्या अणुभट्ट्या पोलादी खोक्यांत बंद होऊन ओळीने बसल्या होत्या. रईसा रोज किरणं मोजायचं यंत्र घेऊन त्यांच्यातून फिरायची. तिथे तिला कधी भीती वाटली नाही. वाटायला लागली ती लेक बाळंतपणाला माहेरी आल्यावर.

उल्याना दोन्ही वेळा बापाने त्याच पाण्यात पकडलेला कॉड मासा चापायची, वर रानफळांचा मुरंबा. रईसाचा जीव थाऱ्यावर राहीना. नियम धाब्यावर बसवून एके दुपारी तिने यंत्र पिशवीत घालून घरी आणलं.

"आता माझं सूपही तपासणार?" प्रोखोरने विचारलं. पाणबुडीवरून निवृत्त झाल्यापासून नवऱ्याला स्वयंपाकघर आणि टोमणे एवढंच काम उरलं होतं.

"आधी तुझी जीभ तपासायला हवी."

माशावर यंत्र गप्प. मुरंब्यावर गप्प. अधूनमधून एखादं टिक, ते तर कुठेही होतंच. रईसाला स्वतःचंच हसू आलं. यंत्र बंद न करताच ती उल्यानाच्या खोलीत गेली, आणि ते कडकडायला लागलं.

उल्याना पलंगावर पडली होती. रईसा पुढे झाली. तिने यंत्र पांघरुणावरून फिरवलं, मग उशीवरून, मग वर भिंतीकडे. भिंतीवर घड्याळ होतं.

प्रोखोरची पाणबुडी मोडीत निघाली तेव्हा रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने आठवण म्हणून काहीतरी उचललं होतं. त्याने आणलं हे जुनं घड्याळ. काळोखात दिसावेत म्हणून त्याच्या आकड्यांना खऱ्या रेडियमचा, किरणं सोडणारा रंग होता. त्याच पाणबुडीच्या अणुभट्टीभोवती रईसा रोज यंत्र फिरवायची. घरात फिरवायचं तिला कधी सुचलं नाही.

"पण ते आता चमकतही नाही," दारातून प्रोखोर म्हणाला. चमक केव्हाच विझली होती. बाकीचं विझलं नव्हतं.

तो पलंगाच्या कडेला बसला. "हिवाळ्यात सूर्यच उगवायचा नाही. उली लहानपणी काळोखाला घाबरून रडायची. खिळा मीच ठोकला."

"बाबा, तुम्हाला काय माहीत होतं?" उल्याना म्हणाली. मग आईकडे वळली. "काही होणार नाही ना?"

ओट्यावर कुणी असं विचारलं की रईसा 'काही नाही' म्हणून पुढे निघायची. आता तिने आकडा सांगितला. फार मोठा नव्हता.

"आकडा नको गं. आई म्हणून सांग."

प्रोखोर घड्याळ उतरवून बाहेर घेऊन गेला. रईसाने यंत्र लेकीच्या पोटाजवळ धरलं. बराच वेळ धरलं.

"गप्प आहे," ती म्हणाली. उल्यानाने डोळे मिटले.

यंत्र फक्त आत्ताचं सांगतं, मागच्या वर्षांचं नाही, हे रईसा बोलली नाही.