शामलाचा वाघ

सन बहात्तरच्या आसपासची गोष्ट. महाल वस्तीत आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग होते, आणि त्यांची खटखट एवढी की कोंबडे आरवायचं सोडून नुसती मान वर करायचे. वीज कडाडलेली कळायची नाही. भिजलो की समजायचं. माग थांबवून बोलायला फुरसत कोणाले? म्हणून आम्ही कोष्टी हातांनीच बोलायचो. सोयरिकी हातांनी जमायच्या, भांडणंही. बोटांनी दिलेली शिवी तर अशी झोंबायची की समोरच्याच्या गालावर वळ उठायचा. नका मानू. पुढचं तरी माना.

माझ्या ओसरीवर बालवाडी भरायची. शिकवायला कुसुमताई, रामदासपेठेतून सायकलवर येत. एक दिवस गल्लीतलीच जनाबाई आपल्या चार वर्षांच्या शामलाला घेऊन आली. पोरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं; धंतोलीच्या डॉक्टरांनी तसं सांगून टाकलं होतं.

"हिला शिकवू कशी मी?" कुसुमताई जनाबाईच्या कानाशी म्हणाल्या. "आज बसू दे. उद्यापासून नका आणू, तिचेच हाल होतील."

जनाबाई पोरगी परत न्यायला दारातच उकिडवी बसून राहिली.

कुसुमताईंनी घसा ताणून गोष्ट सुरू केली. वाघ तळ्यावर आला, पाण्यात आपलंच तोंड पाहून घाबरला. आणि पाहतात तर सगळी पोरं हात नाचवून राहिलेली.

"हात खाली. चाळे कसले हे?"

हात खाली गेले. तशी शामला उठली आणि आईकडे चालू लागली.

"बाई, गोष्ट काहून बंद केली?" पोरांतल्या नत्थूनं विचारलं.

"बंद कुठे केली?"

"तिची केली न. आम्ही तिले सांगून राहिलो होतो."

कुसुमताई माझ्याकडे वळल्या. "भैयाजी, खरं का हे?"

"मले काय विचारता? तिलेच विचारा."

नत्थूनं बोटांनी विचारलं. शामला थांबली. एका हातानं तिनं ओसरीवर तळं पसरलं, अन् मग तिच्या खांद्यांतून वाघ निघाला. शपथेवर सांगतो, पोरांनी पाय वर ओढून घेतले. पाण्यात पाहून वाघ दचकला, तसा मीही. वाघानं पंजा मारला, पाण्यातला वाघ फुटला. मग तो पाणी निवळेपर्यंत बसून राहिला आणि पाण्यातल्या वाघाला हळूच चाटू लागला. समोरच्या घरातले माग थांबले होते. कोणी थांबवले, मला माहीत नाही.

"मी एवढं सांगितलंच नव्हतं," कुसुमताई पुटपुटल्या.

"पुढचा वाघ तिचा आहे," मी म्हणालो.

जनाबाई उठली. "नेऊ का बाई हिले?"

"बस वं, घाई कायची?" मी म्हणालो.

कुसुमताईंचं लक्षच नव्हतं. त्या शामलापुढे जमिनीवर बसल्या होत्या आणि हात पुढे करून विचारत होत्या, "पाणी कसं म्हणायचं?" शामलानं त्यांची बोटं एकेक करून वळवली. एक चुकलं, त्यावर चापट मारली. पोरं हसली.

"उद्या जरा लवकर आणा हिला," कुसुमताई मान न वळवता म्हणाल्या. "मला वेळ लागेल."

जनाबाई एकटीच घरी गेली.