मेंढरू खोकायलंय

आरोग्य खात्याची माणसं दारात आली की घरात ताप असूनही "आमच्यात कुणी आजारी न्हाई" म्हणायची खोड कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गावोगाव जडली होती. तुम्हीआम्हीही त्यातलेच! नांदूरघाटाजवळच्या धनगरवस्तीवर रतनबाईने तर चक्क नवराच लपवला.

तिचा नवरा मुंजाजी चार दिवस तापाने फणफणत होता. त्या सकाळपासून त्याला दोन शब्द बोलतानाही धाप लागत होती. पण दवाखान्याची वाट नाक्यावरून जायची आणि नाक्यावर पोलीस जमादार अंगद असायचा. आठवड्यापूर्वी मेंढरं पाण्यावर नेताना मुंजाजीच्या तोंडाला रुमाल नव्हता, म्हणून अंगदने त्याच्या पोटरीवर असे फटके ओढले होते की वळ अजून काळेनिळे होते. मुंजाजीने एकच धरून ठेवले होते, मेलो तरी इथेच, नाक्यावर नको.

दुपारी गावची आशा कार्यकर्ती वनमाला वही घेऊन तपासणीला आली. मागे काठी घेतलेला अंगद! रतनबाईने दोघांना लांबूनच पाहिले. संचारबंदीमुळे मेंढरं घरामागच्या वाड्यातच, काट्यांच्या कुंपणात, कोंडलेली होती. तिने नवऱ्याला ओढतच तिथे नेले, कोपऱ्यात निजवले आणि वर घोंगडी टाकली.

वनमालाने विचारले तेव्हा सगळे खुशाल आहेत, असे तिने सांगितले. तेवढ्यात वाड्यातून खोकला आला. अंगद थबकला.

"कोण हाय बे तिकडं?"

"मेंढरू खोकायलंय, सायब."

पुन्हा खोकला आला आणि मध्येच तुटला. रतनबाईची नजर घोंगडीवर खिळली. मघाशी भराभरा वरखाली होणारी घोंगडी आता हलते आहे की नाही, तेच तिला कळेना. बोलावे तर काठी, न बोलावे तर कुंकू जाणार!

अंगद वाड्याकडे निघाला, तशी वनमाला त्याला आडवी झाली. आधी काठी खाली ठेवा म्हणाली. तो भडकला. काठीशिवाय कोण ऐकतं, लोकांच्या जिवासाठीच उन्हातान्हात फिरतोय ना, असे त्याने सुनावले.

"अडवा, परत पाठवा, गुन्हा नोंदवा. तेवढा हक कायद्यानं दिलाय, जमादार, मारायचा दिला न्हाई," वनमाला म्हणाली. "चाळीस घरं झाली, एकाही घरात ताप न्हाई म्हणतेत. रोग गेला व्हय गावातून? तुमाला भिऊन लपलाय."

आता मात्र रतनबाईला राहवले नाही. तिने हात जोडले. "माझं माणूस हाय तिथं. मला मारा पायजे तर, पर त्याला दवाखान्यात न्या."

अंगदने घोंगडी उचलली. ओठ निळे पडले होते, श्वास मात्र चालू होता. मग त्याची नजर पोटरीवरच्या वळांवर गेली. ते कुणाच्या हातचे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्याने काठी वाड्याला टेकवली, मुंजाजीला खांद्यावर घेतले आणि पोलिसांच्या गाडीतून केजच्या दवाखान्यात पोचवले. अजून दोन तास गेले असते तर उपयोग नव्हता, असे डॉक्टर म्हणाले.

त्याच संध्याकाळी वनमाला एकटी पुन्हा त्याच चाळीस घरी गेली. अकरा घरांतून ताप निघाला.

सोळा दिवसांनी मुंजाजी परतला. दुसऱ्या दिवशी अंगद रिकाम्या हाताने वस्तीवर आला आणि चुकलं माझं म्हणाला. रतनबाईने त्याची काठी आणून दिली.

"आमी बी काठी बाळगतो, सायब. पर ती आडवी धरून मेंढरू वळवायचं असतंय. मारकुट्या मेंढक्याजवळ दुखणाईत मेंढरू येत न्हाई, झुडपात जाऊन मरतंय."

वाचकहो, आजार लपवणे ही चूकच, आणि रतनबाई ती आज उघड कबूल करते. पण साथीत पोलिसांना जादा अधिकार मिळतात ते रोगाला अडवायला. ज्या काठीच्या धाकाने माणूस दवाखाना टाळतो, ती रोगालाच वाट करून देते.