बारा ते एक

अम्मानमधल्या आमच्या कंपनीत वाइल साहेबांनी खोल्यांच्या भिंती पाडल्या आणि चाळीस टेबलं एकाच हॉलमध्ये मांडली. म्हणाले, "आता सगळे एकमेकांशी बोलतील." बोलायला लागलेच. कामाचं सोडून सगळं.

माझ्या शेजारी शुरूक बसायची. इस्पितळांसाठी औषधांचे डोस काढणारा प्रोग्राम तिचा. चाचणीत लहान मुलांचे डोस चुकत होते आणि ती तीन दिवस त्या चुकीच्या मागावर होती. धागा हाती लागतोय तोच कुणीतरी खांद्यावर टकटक करायचं, "दोनच मिनिटं, शुरूक." चौथ्या दिवशी तिने मोजलं. दुपारपर्यंत एकोणीस वेळा.

तिने लॅपटॉप उचलला, जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. संध्याकाळच्या आत चूक सापडली.

दुसऱ्या दिवशीही ती तिथेच. वाइल साहेब दारावर धडकले.

"बाहेर ये. नियम सगळ्यांना सारखा."

"औषध चुकलं तर ते एखाद्या बाळाच्या पोटात जाईल, साहेब. मी येणार नाही."

"लेखी ताकीद देईन!"

"द्या की. खाली सही करून लिहीन, वाचलं, मान्य नाही."

आणि तसंच लिहिलं तिने.

आठवड्याने मात्र घोडं अडलं. तिच्या प्रोग्रामला रुग्णांची माहिती माझ्या प्रोग्राममधून जायची आणि मी रुग्णाचं वजन किलोऐवजी ग्रॅममध्ये घ्यायला सुरुवात केली होती. हॉलमध्ये सगळ्यांना ओरडून सांगितलं, तिला सांगायचं राहिलं. तिचं दोन दिवसांचं काम पाण्यात गेलं. मला वाटलं, आता येईल मान खाली घालून.

तिने उलट अडगळीच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला: 'बारा ते एक दार उघडं. काहीही विचारा. एरवी आग लागली तरच.'

"एवढा माज?" मी म्हणालो.

"मुतासिम, गोंगाटाने तुझंही डोकं फुटतं. तू मुकाट्याने सोसतोस, म्हणून मी माजोरडी?"

रविवारी, म्हणजे आमच्याकडे कामाच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, मी माझी खुर्ची ओढत त्या खोलीत नेली. महिनाअखेर आम्ही सहा जण झालो.

मग साहेबांनी खोलीला कुलूप ठोकलं. आम्ही जिन्यावर बसलो, पायरीला एक. येणारेजाणारे आम्हाला ओलांडून जायचे. तीन दिवस कुणी हललं नाही. चौथ्या दिवशी सकाळी कुलूप नव्हतं. कुणी काढलं, ते कुणी सांगितलं नाही.

ताकीद अजून शुरूकच्या फाइलीत आहे. ती काढा म्हणून तिने कधी अर्ज केला नाही.