लीलाम्मा सिस्टरचा कायदा

उलहन्नानचेट्टन उठून उभे राहिले आणि स्वतःचं मुंडू, ती केरळी लुंगी, स्वतः, दोन्ही हातांनी, कमरेला घट्ट खोचून नेसले. कॅनडाहून आलेला मुलगा आ वासून बघत राहिला.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. सध्या चेट्टन, म्हणजे वाडीचे दादा, पलंगावर पडले आहेत, अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू झोपली आहे, आणि त्यांची बायको एलिकुट्टी त्यांना मुंडू नेसवते आहे. तेही खिडकी उघडी ठेवून.

"खिडकी तरी लाव गं." शब्द ओठांच्या एकाच कोपऱ्यातून सांडत होते.

"कोण टपून बसलंय तुम्हाला बघायला? कोंबड्या?"

कोंबड्या खरोखरच बघत होत्या. दारात लीलाम्माही बघत होती, खांद्यावर पंचायतीची औषधांची बॅग घेऊन. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणं हे तिचं काम. या वाडीत तिचा मंगळवार. तिने नर्सिंगचा कोर्स कोट्टयमला केला, पहिली नोकरी लुधियानात, मग कुवेतमध्ये. इतक्या ठिकाणचे रोगी पाहून तिचं एक मत झालं होतं: रोगाने माणूस अर्धा लुळा पडतो, उरलेला अर्धा माया करणारे पाडतात.

एलिकुट्टीने नवऱ्याला उठवायला त्याचा डावा हात धरून ओढला.

"चेच्ची, सोडा! खांदा निखळेल. हात नाही ओढायचा, पाठीमागून आधार द्यायचा. असा." लीलाम्माने त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पाय जमिनीवर टेकवले, टाचा आणि पाठ तपासली. कुठे लाल झालेलं नव्हतं. मग त्यांच्या डाव्या मुठीत आपली दोन बोटं दिली. "दाबा, चेट्टा."

काही नाही. मग अगदी बारीक काहीतरी.

"अंगठा जिवंत आहे की! सगळ्यांनी मिळून रजेवर पाठवलंय त्याला."

सगळे म्हणजे घरचे आणि पत्त्यांचे दोस्त. जीप चालवायची सोडल्यापासून चेट्टन दुपारी छप्पन्नाचा डाव मांडत. आजारपणातही खेळ थांबला नव्हता, फक्त शंकुण्णी हा जुना पोस्टमन प्रेमाने त्यांचे पत्ते धरून त्यांच्या तोंडासमोर उभे करायचा. शंकुण्णी विरुद्ध बाजूचा. आजारी पडल्यापासून चेट्टन एकही डाव जिंकले नव्हते आणि याचं कारण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बिनोय येतोय महिनाअखेर," एलिकुट्टी पदराने नाक पुसत म्हणाली. "शहरात एका वृद्धाश्रमात खोली बघितलीय त्याने. हे तिथे. मी त्याच्याबरोबर कॅनडाला, नातवंडं सांभाळायला. म्हणतो, ज्याला साधं मुंडू नेसता येत नाही त्याला अम्मच्ची, म्हणजे मी, एकटी कशी सांभाळणार?"

चेट्टन भिंतीकडे बघत राहिले. गियर टाकणारा डावा हात मांडीवर मेलेल्या माशासारखा पडला होता.

लीलाम्माने अंगणातल्या फणसाकडे पाहिलं. त्या भागात पत्त्यांत हरणाऱ्याच्या कानाला फणसाचं पान लटकवतात. माणूस कितीही मोठा असो, पान चुकत नाही.

"आजपासून कायदा," ती म्हणाली. "चेट्टनांनी मागितल्याशिवाय जो मदत करेल, त्याच्या कानाला पान. पुढच्या जेवणापर्यंत."

"आणि मागितली तर?" पत्ते घेऊन दारात आलेल्या पाप्पच्चनने विचारलं. हा चेट्टनांचा भिडू, निवृत्त कंडक्टर.

"तर चेट्टनांच्या कानाला."

चेट्टनांनी त्या क्षणापासून काहीही मागायचं सोडलं.

पहिलं पान एलिकुट्टीला. तिने घास भरवला होता. दुसरंही तिलाच, कारण तिने पहिल्याबद्दल नवऱ्याची माफी मागत त्याचं तोंड पुसलं. चर्चचे अच्चन, म्हणजे फादर, प्रार्थनेला आले, उशी सरळ केली, आणि पूर्ण जपमाळ पानासकट म्हणून गेले. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सवयीने पाण्याचा पेला हातात दिला. ते म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा," आणि कान पुढे केला. फणसाची खालची फांदी बोडकी झाली.

व्यायाम फिजिओथेरपीच्या मुलीने आखून दिले होते. लीलाम्माने ते छप्पन्नात बसवले. डाव्या तळव्यावर भार देऊन बसायचं, मग पत्ते. पत्ते आधी उलट्या ब्रशच्या केसांत खोचायचे, मग हळूहळू डाव्या हातात. पाण्याचा पेला कायम डावीकडे. एके दिवशी सगळे पत्ते जमिनीवर सांडले. पाप्पच्चनचा हात पुढे गेला, सिस्टर शांतपणे फणसाकडे बघू लागली, हात मागे आला. चेट्टन वाकले, शिव्या दिल्या, रडले, पुन्हा शिव्या दिल्या. चहा निवला. शेवटचा पत्ता उचलला तेव्हा तो हुकमाचा गुलाम होता, छप्पन्नातला सगळ्यात मोठा पत्ता, आणि तो शंकुण्णीला दिसला नव्हता. त्या दुपारी शंकुण्णी पान लटकवून घरी गेला. त्याच्या बायकोने विचारलंसुद्धा नाही.

मग एका मंगळवारी बिनोय आला.

"अम्मच्ची, कानाला काय हे?"

"चहात साखर ढवळून दिली रे यांना."

बिनोयने पाप्पच्चनकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही कानांना पानं होती. बिनोय हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, मला वाटलं एकच पेशंट आहे. टॅक्सी उभी आहे बाहेर. अप्पच्चन, चला."

चेट्टन पलंगाच्या कडेला सरकले. पाय टेकवले, पुढे झुकले, उभे राहिले. मुंडू सोडून नव्याने कमरेभोवती घेतलं. उजवं टोक बसलं. डावं टोक निसटलं.

बिनोय धावला.

"हात लावू नकोस!" सगळे एका सुरात ओरडले. लीलाम्माचाच हात आधी पुढे गेला होता. तिने तो बॅगेच्या पट्ट्यात अडकवून धरला.

मुंडू गुडघ्यापर्यंत घसरलं. डावा हात खाली गेला आणि रजेवरून परतलेल्या अंगठ्याने टोक पकडलं. सावकाश वर आणलं. खोचलं. चेट्टनांनी एक मोठा श्वास सोडून पोट पुढे काढलं. मुंडू हललं नाही.

"टॅक्सी मी चालवू?" त्यांनी मुलाला विचारलं.

बिनोयला पुढे होऊन बापाला मिठी मारावीशी वाटली आणि त्याने मारली. ती मदत धरायची की नाही यावर वाद झाला. निकाल आईने दिला. "मोने, बाळा, कान इकडे कर."

वृद्धाश्रमाची खोली रद्द झाली. एलिकुट्टी कॅनडाला गेली नाही. लीलाम्माने चेट्टनांचा डावा हात हातात घेतला, त्यांनी दाबला, तिला चांगलंच दुखलं आणि तिने तोंड वाकडं होऊ दिलं नाही. चालत्याफिरत्या माणसाकडे पंचायतीची सिस्टर जात नाही. पुढच्या मंगळवारी तिची रिक्षा ते घर मागे टाकून टेकडीवर गेली. तिथे एक आजी होती, आणि आजीला भरवायला तीन सुना.

काही दिवसांनी आरोग्य केंद्रात एक अर्ज आला. डॉक्टरांनी तो अभिप्रायासाठी लीलाम्माकडे सरकवला. चेट्टन उजव्या हाताचे. अर्ज मुद्दाम डाव्याने लिहिलेला. अक्षर घाटातल्या रस्त्यासारखं, पण कुठेही दरीत गेलेलं नाही. लीलाम्माने तो उभ्यानेच वाचला, मग बसून वाचला.

"महोदय, अर्जदार पूर्ण बरा झाला असून त्यामुळे त्याची मोठी गैरसोय होत आहे. तरी अर्जदारास दर मंगळवारी, केवळ चहाच्या वेळेपुरते, अंथरुणाला खिळलेला रुग्ण म्हणून घोषित करण्यात यावे, आणि सिस्टरांना तशी लेखी आज्ञा व्हावी, ही नम्र विनंती."