रिकाम्या ब्लाउजचं माप

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. माझे पहिले आकडे बोटांनी पुसून गेलेत आणि टोकाची पत्री कधीच निसटली. भिंगारच्या बाजारात रुमानाभाभींचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दिवसभर मी त्यांच्या गळ्यात लोंबते. कंबर मोजताना बायका हळूच श्वास ओढून धरतात, ते मला लगेच कळतं. घाबरू नका, नावं सांगणार नाही!

यामिनी मात्र कधीच श्वास ओढायची नाही. ती शाळेत शिकवायची. मी कमरेला लागले की तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती खिदळत सुटायची. भाभी ओरडायच्या, "अगं, सरळ उभी राहा, माप चुकंल ना!" मला ती फार आवडायची.

मग तिची नोकरी गेली. ती हसेनाशी झाली आणि तिच्या कमरेचा घेर वाढत गेला. दुकानात कुणी म्हणायचं, जाड झाली म्हणून उदास राहते. कुणी म्हणायचं, उदास असते म्हणून खात सुटते. एकदा मी तिच्याभोवती फिरले, तर वाटेत काहीतरी गार लागलं. ते कापड नव्हतं, तिचं अंगही नव्हतं. तिच्या पाठीला चिकटून कुणीतरी उभं होतं आणि मी दोघांना मिळून वेढा घातला होता. भाभींनी फक्त आकडा वाचला.

त्यानंतर यामिनी आलीच नाही. तिची आई, नीलांबरीकाकू, मापाचा ब्लाउज घेऊन यायला लागल्या. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. अंगात बसणारा जुना ब्लाउज पाठवला की बाईला यावं लागत नाही.

"अजून घट्टच होतो म्हणते, जरा उसवून सैल कर गं रुमाना," काकू म्हणायच्या. "लग्नाला चल म्हणते, तर खोलीतून हलत नाही. आळस भरलाय नुसता."

पोरीचं मन नको दुखायला म्हणून भाभी काही विचारायच्या नाहीत. ब्लाउजच्या शिवणीत जादा कापड दुमडून ठेवलेलं असतं, ते दर वेळी थोडं मोकळं करायच्या. शेवटी आत कापडच उरलं नाही.

त्या दुपारी लाईट गेली होती. भाभींनी तो रिकामा ब्लाउज टेबलावर पसरला आणि मला त्याच्या छातीवर आडवं ठेवलं. मित्रांनो, शपथेवर सांगते, मी हलले. वर उचलली गेले, खाली आले. पुन्हा वर. पंखा बंद होता. ब्लाउजच्या आत कुणीतरी अगदी सावकाश श्वास घेत होतं.

भाभींनी हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. "या अल्ला, केवढा गार!" मग त्यांनी ब्लाउज उजेडाला धरला. मागच्या खेपेच्या खडूच्या रेघा जशाच्या तशा होत्या. तो कुणी अंगातच घातला नव्हता. भाभींनी मला गळ्यात टाकलं, शटर ओढलं आणि त्या तडक काकूंच्या घरी निघाल्या.

खोलीत अंधार होता. कपाटाच्या आरशावर चादर टाकलेली होती. यामिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"भाभी, माप घ्या, पण आकडा सांगू नका," ती म्हणाली. मी तिच्याभोवती फिरले. ते गार तिथंच होतं, आधीपेक्षा दाट.

"माझ्यामागं कुणी उभं आहे का हो?" तिनं विचारलं. "सारखं म्हणतं, आता पुरे झालं, सगळं संपव."

भाभी हसल्या नाहीत. मी खाली पडले. त्यांनी तिला दोन्ही हातांनी कवळलं. "असंल गं. पन आता मी पन हाय ना इथं."

यामिनी ओक्साबोक्शी रडली. भाभी तिला न सोडताच दाराकडे वळल्या. "काकू, हा आळस न्हाई. पोरगी आजारी हाय. मनाच्या डॉक्टरला दाखवू, आत्ताच चला." काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या चपला घालायला गेल्या.

औषधं चालू आहेत. यामिनी स्वतः दुकानात येते. घेर तेवढाच आहे. ते गारही अजून माझ्या वाटेत येतं, मात्र आता तिच्या अंगाची ऊब मला आधी लागते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जाड माणसाला चिडवू नका आणि मन नको दुखायला म्हणून गप्पही बसू नका. मी फक्त घेर सांगते. आत कोण गुदमरतंय, हे विचारायला तोंड लागतं. ते मला नाही, तुम्हाला आहे.